रुग्णसेवेला घरंदाजपण देणाऱ्या रमाबाई रानडे

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सहधर्मचारिणी म्हणून रमाबाई रानडे यांचे नाव महाराष्ट्राला चांगलेच परिचित आहे. २०१२-१३ मध्ये दूरचित्रवाणीवर ‘उंच माझा झोका’ ही मालिका झाली आणि नऊवारी नेसून पाटीवर अक्षरे गिरविणारी चिमुकली रमा शहरांप्रमाणेच खेड्यापाड्यांतील घराघरांत जाऊन बसली. लोकांच्या मनात राहिली ती हीच रमा. परंतु न्यायमूर्तींच्या निधनानंतर ही बाई आणखी तेवीस वर्षे जगली आणि त्या तेवीस वर्षांत तिने जे केले त्याची फारशी चर्चा होत नाही. घरंदाज कुटुंबातील सुनालेकींनी, विशेषतः विधवांनी, परक्या आजाऱ्याच्या खाटेशी उभे राहावे, त्याची शुश्रूषा शास्त्रशुद्ध रीतीने शिकावी आणि त्या कामाचे वेतन ताठ मानेने घ्यावे, ही गोष्ट महाराष्ट्रात रुजविण्याचे फार मोठे श्रेय रमाबाईंकडे जाते. त्या कार्याची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील व आताच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. (यशवंतराव चव्हाण यांचाही जन्म पुढे १९१३ साली याच देवराष्ट्रे गावी झाला. एका लहानशा गावाने महाराष्ट्राला किती द्यावे!) माहेरचे नाव यमुना. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलीला अक्षरओळख करून देण्याचा प्रश्नच नव्हता. १८७३ च्या अखेरीस, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचा विवाह महादेवराव रानडे यांच्याशी झाला. महादेवराव तेव्हा एकतीस वर्षांचे. त्यांची प्रथम पत्नी नुकतीच निवर्तली होती. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, त्यामुळे ते आता विधवेशीच विवाह करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती आणि नेमकी हीच भीती त्यांच्या वडिलांना वाटत होती. वडिलांच्या आग्रहापुढे महादेवरावांनी मान तुकविली. सुधारकांनी त्यांना त्याबद्दल बोल लावला, आणि तो अगदीच अस्थानी होता असे म्हणता येत नाही. मात्र या अकरा वर्षांच्या मुलीला शिकवून शहाणे करण्याचे काम त्यांनी पहिल्या दिवसांपासून मनावर घेतले. तो शब्द त्यांनी आयुष्यभर पाळला.

घरात महादेवरावांची विधवा बहीण, सावत्र आई व इतर वडीलधाऱ्या बायका होत्या. सुनेने वाचावे, लिहावे, त्यातही इंग्रजी शिकावे, हे त्यांना मुळीच रुचणारे नव्हते. दिवसा घरकाम, सोवळेओवळे, बोलणी, टोमणे, अबोला. आणि रात्री दिव्यापाशी धडा. महादेवरावांनी पत्नीला एक गोष्ट पक्की शिकविली होती. उलट उत्तर द्यायचे नाही आणि घेतलेले कामही सोडायचे नाही. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल काढण्याच्या खटपटीत भरलेल्या सभेत रमाबाईंनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीतून भाषण वाचून दाखविले. त्या दिवशी सभेत टाळ्या पडल्या आणि घरी बोलणी बसली. त्याच वर्षी सुरू झालेली ती शाळा म्हणजे पुण्याची सुप्रसिद्ध हुजूरपागा. पुढच्या काळात परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलींना घरून व समाजाकडून जे सोसावे लागले, ते सारे रमाबाईंनी वीसपंचवीस वर्षे आधी स्वतःच्या माजघरात सोसून पाहिले होते. त्यांच्या पुढील कामाचे इंगित बहुधा येथेच आहे.

१८९३ साली महादेवराव मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले व कुटुंब मुंबईस आले. मुंबईत रमाबाईंनी आर्य महिला समाजाचे काम केले, हिंदू स्त्रियांसाठी क्लब काढला, भाषा, सामान्यज्ञान, शिवणकाम यांचे वर्ग चालविले. १८९६ मध्ये मुंबईत व १८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेग आला. त्या साथीने आणखी एक गोष्ट उघड केली, ती म्हणजे आपल्या लोकांना रोगाइतकेच इस्पितळाचे भय वाटते. सक्तीने रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे जातपात बुडते, कोण कोणाच्या हातचे पाणी पाजील याचा नेम नाही, अशी सर्वांची समजूत. लोक आजारी माणसाला कोठीत, माळ्यावर दडवून ठेवीत. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. असे उदाहरण डोळ्यांपुढे असताही रुग्णालयात आपली माणसे काम करीत नाहीत, म्हणून आपली माणसे रुग्णालयात जात नाहीत, हे दुष्टचक्र कायम राहिले.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे हृदयविकाराने कालवश झाले. अखेरच्या आजारात त्यांची शुश्रूषा रमाबाईंनीच केली होती. पतीच्या निधनानंतर त्या मुंबई सोडून पुण्याच्या घरी आल्या आणि वर्षभर जवळजवळ एकांतात राहिल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकोणचाळीस. मूलबाळ नाही. पती गेलेल्या बाईने घराच्या एका कोपऱ्यात जपमाळ घेऊन उरलेले दिवस काढावेत, ही त्या समाजाची अपेक्षा होती आणि तसे त्यांनी केले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. उलट पुण्यवान म्हटले असते.

त्या बाहेर पडल्या त्या हळूहळू, आणि आरंभ केला तो भेटीगाठींपासून. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना त्या नियमाने भेटत. सुधारगृहातील मुलांकडे सणावाराला मिठाई घेऊन जात. रुग्णालयातील आजाऱ्यांना फळे, फुले, पुस्तके नेऊन देत. अशा दानधर्माचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. आपल्या समाजातही सणाला, पुण्यतिथीला रुग्णालयात फळवाटप करण्याची प्रथा आहे. परंतु फळे देऊन परत येणारा माणूस वॉर्डात पाच मिनिटे असतो. रात्री दोन वाजता पाणी मागणाऱ्याला पाणी कोण देतो, कूस कोण बदलून देतो, घाण झालेले कापड कोण बदलतो, हा प्रश्न तसाच उरतो. रमाबाईंच्या कार्याला पुढे जे वळण लागले ते पाहता, या भेटींत त्यांना हा प्रश्न दिसला असला पाहिजे.

त्या काळी हे काम कोण करीत असे, हे समजून घेतल्याशिवाय रमाबाईंच्या धाडसाची कल्पना येणार नाही. खुद्द इंग्लंडमध्येही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रुग्णालयातील चाकरी ही हलक्या बायकांची समजली जाई. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या सधन घरातील मुलीने परिचारिका होण्याचे मनात आणले तेव्हा तिच्या आईवडिलांनी कडाडून विरोध केला. १८५४ मध्ये ती क्रिमियाच्या युद्धातील सैनिकांच्या सेवेसाठी गेली, १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली, तेव्हा कोठे त्या कामाला मान मिळाला. स्वच्छता, मोकळी हवा, शिस्त, नोंदी आणि रात्रीचा पहारा ही तिची पंचसूत्री म्हटली तरी चालेल. हिंदुस्थानात ती कधीच आली नाही. पण येथील आरोग्याविषयी तिने जन्मभर लिहिले.

आपल्याकडची अडचण याहून अवघड होती. येथे हलकेपणाच्या जोडीला विटाळ होता. रक्त, पू, मलमूत्र यांना हात लावणे म्हणजे विटाळ. बाळंतपणासारखी मंगल गोष्ट, पण बाळंतिणीची खोली दहा दिवस सोयराची. तेथे शिरणारी सुईण कामापुरती हवी, उंबऱ्याबाहेर तिला स्थान नाही. मुंबईत १८८६ साली स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले, परिचारिकांच्या शिक्षणासही तेथे आरंभ झाला. १८९१ मध्ये काशीबाई गणपत ही बाई परिचारिकेच्या शिक्षणासाठी आली, तेव्हा हिंदी परिचारिकांच्या इतिहासात तिचे नाव पहिले म्हणून नोंदले गेले. तिच्यामागून येणाऱ्या बहुतेक मुली ख्रिस्ती वा अँग्लो-इंडियन होत्या. स्त्री-डॉक्टरची गोष्ट वेगळी. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या तेव्हा त्यांना नावे ठेवणाऱ्यांनाही त्यांच्या विद्येचा अभिमान वाटला. डॉक्टर नाडी पाहते, औषध लिहून देते. परिचारिका भांडे उचलते. प्रतिष्ठा विद्येला होती, हाताला नव्हती.

जैन वाचकाला येथे सहजच एक गोष्ट आठवेल. आपल्या शास्त्रांनी बारा तपांत वैयावृत्य, म्हणजे सेवाशुश्रूषा, हे अंतरंग तप मानले आहे. उपवास बाह्य तपात मोडतो, आणि आजारी साधूची सेवा अंतरंगात. चार दानांत औषधदान आहे. मुक्या जनावरांसाठी पांजरपोळ घालणारा, धर्मार्थ दवाखान्यांना सढळ हाताने देणारा हा समाज आहे. त्या समाजातूनही त्या काळी मुलगी परिचारिका व्हायला निघाली असती तर घरात काय झाले असते, याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. इस्पितळाला देणगी देणे भूषणावह, पण इस्पितळात मुलगी धाडणे नामुष्कीचे. म्हणजे शास्त्राने ज्याला तप म्हटले त्याला व्यवहाराने चाकरी ठरविले होते. हा दोष एका जातीचा वा एका धर्माचा नव्हता, पुण्यातील ब्राह्मणवाडे याबाबतीत चार पावले पुढेच होते.

यातली सर्वांत मोठी विसंगती विधवेच्या बाबतीत होती. एकत्र कुटुंबात सासऱ्याचा पक्षाघात, जावेचे बाळंतपण, पुतण्याचे गोवर-कांजिण्या, आजेसासूचे अंथरुण हे सारे कोण काढीत असे? घरातली बालविधवाच. अंगावर आलवण, डोईवर पदर, दोन वेळचे जेवण एवढ्यावर ती आयुष्यभर फुकट परिचारिका होती. तेच काम ती शिकून, नेमून दिलेल्या वेळात, वेतन घेऊन रुग्णालयात करू लागली की घराण्याचे नाक कापले जाणार! घरची सेवा धर्म आणि दारची सेवा अधर्म, हा हिशेब कोणत्याही खातेवहीत न बसणारा आहे. रमाबाईंचे सारे कार्य हा हिशेब नीट मांडण्याचे होते असे म्हटले तर वावगे होणार नाही.

१९०८ साली पारशी समाजसुधारक बेहरामजी मलबारी व सिंधमधील दयाराम गिडुमल यांनी मुंबईत स्त्रियांसाठी एक संस्था काढून त्यांना शुश्रूषेचे शिक्षण देण्याची कल्पना मांडली आणि मार्गदर्शनासाठी ते रमाबाईंकडे आले. त्यातून मुंबईचे सेवासदन उभे राहिले व रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात सेवासदन निघाले. पुण्याच्या सेवासदनाचा आरंभ रमाबाईंच्या राहत्या वाड्यात झाला. त्यांच्या पाठीशी भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे खंबीरपणे उभे होते. पैसा उभा करणे, सरकारदरबारी खेटे घालणे, नियम, अहवाल, पत्रव्यवहार हे देवधरांनी सांभाळावे आणि घराघरांत जाऊन आईबापांची, सासूसासऱ्यांची समजूत रमाबाईंनी काढावी, अशी ती वाटणी होती. संस्था चालविणाऱ्यांना यातले मर्म कळेल. पैसा देणारा मिळतो, मुलगी देणारा मिळत नाही.

सुरुवातीला वाचनलेखन, शिवण, हातकाम असे वर्ग होते. त्यांना फारसा विरोध झाला नाही. परिचारिकेचे शिक्षण देण्याचा विषय निघाला तेव्हा खरी कसोटी लागली. पुण्याला १८६७ पासून ससून रुग्णालय होते, शिकण्याची सोय तेथेच होऊ शकत होती. पण तेथे मुलीला दिवसा जावे लागणार, रात्रपाळी करावी लागणार, परक्या पुरुषांच्या वॉर्डातून ये-जा होणार. त्यात आणखी एक जखम ओली होती. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८९० मध्ये पुण्यास आले, न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनी त्याला पाठिंबा दिला आणि १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रकरणावरून मोठे वादळ होऊन या मंडळींना अंग काढून घ्यावे लागले. तेव्हापासून संस्थेत गेलेली मुलगी परधर्मात जाते, ही धास्ती पुण्याच्या वाड्यावाड्यांतून बसली होती.

रमाबाईंनी या भीतीची टिंगल केली नाही. अनेक सुधारकांत आणि त्यांच्यात हा मोठा फरक आहे. त्या स्वतः देवधर्म पाळणाऱ्या, कीर्तन-पुराणाला जाणाऱ्या, साधेपणाने राहणाऱ्या होत्या. जुन्या वळणाच्या बाईला त्यांच्याशी बोलताना आपण कोणा मड्डमेपुढे बसलो आहोत असे वाटत नसे. सोवळ्यातल्या सासूला काय बोलले म्हणजे पटते आणि काय बोलले म्हणजे ती उठून जाते, हे त्यांनी स्वतःच्या घरी शिकून घेतले होते. काही जहाल सुधारकांना ही तडजोड वाटे. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढताना जी सबुरी बाळगली तीच येथेही दिसते. सबुरीने काम मंद होते खरे, पण एकदा लागलेली वाट मोडत नाही.

उपायही त्यांनी संसारी बाईच्या शहाणपणाने योजले. परिचारिका होणाऱ्या मुलींसाठी वेगळे वसतिगृह काढले, वैद्यकीय शाळेत शिकणाऱ्या मुलींसाठी दुसरे. म्हणजे मुलगी रुग्णालयात काम करील, पण राहील ती घरासारख्या घरात. तेथे जेवणाखाण्याची रीत पाळली जाईल, जाण्यायेण्याच्या वेळा ठरलेल्या असतील, वडीलधारी बाई देखरेखीला असेल आणि विचारायला आलेल्या आईबापांना उत्तर द्यायला स्वतः रमाबाई असतील. न्यायमूर्तींच्या पत्नीने शब्द दिला आहे, एवढ्या भांडवलावर पहिल्या मुली आल्या. बाजारात पत म्हणतात ती हीच. न्यायमूर्तींनी तीस वर्षांत जमविलेली पत रमाबाईंनी या कामी सर्वस्वी खर्ची घातली, आणि मुलींच्या वर्तनात कोठे काही उणे निघाले असते तर ती सारी बुडाली असती. ही जोखीम त्यांनी समजून उचलली होती.

येणाऱ्या मुली थोड्या होत्या आणि त्यांतही विधवा व परित्यक्ता अधिक. ज्यांना गमावण्यासारखे काही उरले नव्हते त्या आधी आल्या असे दिसते. वॉर्डातले काम सोपे नव्हते. ताप मोजणे, नाडीची नोंद ठेवणे, जखम धुणे, पट्टी बांधणे, शस्त्रक्रियेची हत्यारे उकळणे, बाळंतिणीची व्यवस्था, आणि कंटाळा न करता तेच काम रोज करणे. घरी आजाऱ्याची सेवा करताना माया असते; परक्याच्या बाबतीत मायेची जागा नियमाने भरून काढावी लागते. माया आटली तरी नियम राहतो, हे परिचारिकेच्या शिक्षणातले मुख्य सूत्र. महादेवरावांकडे दिव्यापाशी बसून अक्षरे गिरविताना रमाबाई नेमके हेच शिकल्या होत्या.

सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभाचा प्रसंग त्यांच्या चरित्रात सांगितला जातो. बक्षीस घेण्यासाठी एक तरुण विधवा जुन्या पद्धतीच्या वेषात व्यासपीठावर आली. तिला पाहताच प्रेक्षकांतील विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. शिकलेली, कॉलेजात जाणारी मुले ती! समारंभ पार पडेपर्यंत रमाबाई शांत राहिल्या. नंतर मात्र त्या उभ्या राहिल्या आणि त्या तरुणांची चांगलीच हजेरी घेतली. ज्या बाईला पाहून ही मुले हसली तशीच एखादी बहीण, आत्या, मावशी, किंबहुना आई, त्यांच्या प्रत्येकाच्या घरात असेल, याची जाणीव त्यांनी करून दिली. आयुष्यभर उलट उत्तर न देण्याचा नेम पाळलेल्या बाईने तो मोडला, आणि तो स्वतःसाठी नव्हे. त्या वेषाचाही येथे विचार करावा. आलवण हे समाजाने विधवेच्या अंगावर घातलेले वस्त्र होते, ते तिने मागितलेले नव्हते. परिचारिकेचे पांढरे स्वच्छ लुगडे तिने परीक्षा देऊन मिळविलेले. दोन्ही साधीच वस्त्रे, दोन्हींत नक्षी नाही की जर नाही. पण एकात पाहणाऱ्याची नजर चुकवावी लागे आणि दुसऱ्यात पाहणाराच आदराने बाजूला होई.

वेतनाचा भाग अनेक चरित्रकार संकोचाने टाळतात, जणू पैसा आला की सेवा डागाळते. रमाबाईंना तसे वाटत नसावे. परिचारिका होऊन बाहेर पडलेली विधवा महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या हाताने रोख रक्कम घेऊ लागली, भावाच्या वा दिराच्या दारातले तिचे स्थान त्या दिवशी बदलले. जिला कालपर्यंत घरात खर्चाची बाब समजत होते तीच आता भाच्याच्या शाळेची फी भरू लागली तर आलवणाचे काय राहिले? व्याख्याने देऊन जे मन वळत नव्हते ते अशा वेळी आपोआप वळे.

याच सुमारास मुंबईत शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांच्या कन्या, महिलारत्न मगनबाई, यांनी जैन विधवा व निराधार भगिनींसाठी श्राविकाश्रम चालविला होता. मगनबाईंनाही वैधव्य तरुणपणीच आले होते. दोघींचे मार्ग वेगळे, श्राविकाश्रमाचा भर धर्मशिक्षण व अध्यापनावर, सेवासदनाचा रुग्णसेवेवरही. पण कोपऱ्यात बसविलेल्या बाईला उठवून कामाला लावण्याची तळमळ एकच होती.

१९१३ मध्ये गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मदतकार्यासाठी तिकडे गेल्या. आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत सेवासदनच्या स्वयंसेविका घेऊन त्या जात आणि वारकरी स्त्रियांची देखभाल करीत. यात्रा म्हणजे पटकीचे माहेरघर, असा तो काळ होता. ज्या स्त्रियांना रुग्णालयाचे नाव काढले तरी धडकी भरे, त्यांना या यात्रेत प्रथमच एक मराठी बोलणारी, कुंकू नसलेली, पण ओशाळी न झालेली बाई औषध पाजताना दिसली असेल. रुग्णालयाविषयीचे भय अशाच ठिकाणी कमी झाले असावे.

मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून पुणे नगरपालिकेच्या दारी त्यांनी केलेली खटपट आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी १९२१ च्या सुमारास केलेले कार्य हे स्वतंत्र लेखाचे विषय आहेत. प्रकृती साथ देईनाशी झाली तरी सेवासदनाचे काम त्यांनी सोडले नाही. १९२४ साली रमाबाईंचे देहावसान झाले तेव्हा पुण्याच्या सेवासदनात शिकणाऱ्या स्त्रियांची संख्या हजाराच्या घरात गेली होती. सेवासदनाचे रोपटे पुढे सोलापूर, नागपूर येथेही लागले. १५ ऑगस्ट १९६२ रोजी जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आपला बीड जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. पुण्यामुंबईत उठलेली लाट येथे पोहोचायला बरीच वर्षे लागली. १९४८ पर्यंत येथील बाळंतपणे सुईणीच्या हाती आणि आजार वैदू-हकिमाच्या हाती होते. आज लिंबागणेश परिसरातील कोणत्याही वाडीवस्तीवर बाळाला डोस पाजायला, गरोदर बाईचे वजन करायला, ऊसतोडीहून परतलेल्या मजूर स्त्रीची चौकशी करायला सिस्टर येते. तिची जात कोणती हे कोणी विचारत नाही, तिला बसायला पाट मिळतो, चहा मिळतो. गावातल्या मुलीही बारावीनंतर नर्सिंगला अर्ज करतात आणि प्रवेश मिळाला म्हणजे घरी पेढे वाटले जातात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या बातमीने घरात रडारड झाली असती त्या बातमीचे हे पेढे आहेत.

रमाबाईंनी १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान फार वरचे आहे. पण त्या पुस्तकातल्या आठवणी न्यायमूर्तींच्या निधनापाशी, १९०१ साली, संपतात. स्वतःच्या तेवीस वर्षांच्या कार्यावर त्यांनी तसे पुस्तक लिहिले नाही. ससूनच्या वॉर्डात पहिल्या रात्रपाळीला उभ्या राहिलेल्या त्या विधवा मुलींना काय वाटले, कोण रडत परत गेली, कोण टिकली, हे सांगणारे रमाबाईंच्या हातचे पान नाही. त्यासाठी सेवासदनाचे जुने वार्षिक अहवाल चाळावे लागतात, आणि अहवालात रडणे लिहिण्याची रीत नसते.